मुक्या कट्ट्यावरची काठी

"मामा खोटं बोलतोय," वकील म्हणाली आणि साबणाची ओली वडी तिने भावाच्या नाकाखाली धरली. "हुंग."

भोपळ्याने हुंगलं. "साबण आहे."

"ते मलाही दिसतंय. साबण कशाचा करतात?"

"खार आणि तेल."

"आणि तेल कुठून येतं?"

भोपळ्याने खिडकीतून नदीपलीकडे बोट केलं आणि ते तसंच हवेत ठेवलं. पलीकडून तेल येणं तर केव्हाच बंद झालं होतं. बंद करणारा दुसरातिसरा कोणी नव्हता, मामाच होता.

वकील म्हणजे बारा वर्षांची मुलगी. दात काढायला नेलं तेव्हा तिने दंतवैद्याशी असा काही वाद घातला की त्याने स्वतःचाच दात हलतोय का ते तपासलं. तेव्हापासून हे नाव तिला चिकटलं. धाकटा भाऊ भोपळा; त्याने पाण्यात बुडायचा प्रयत्न केला तरी तो बुडत नसे. दोघं सुट्टीला मामाकडे आली होती. मामाचा साबणाचा कारखाना होता: चुलीवर म्हैस बसेल एवढी कढई, ढवळायला माणसाहून उंच लाकडी उलथणं, ओळीने मांडलेले साचे आणि वड्या कापायची तार. शिवाय मामा या काठच्या बाजार समितीचा अध्यक्ष होता, आणि तिथेच सगळं बिनसलं होतं.

या काठी साबण करत, त्या काठी तेल गाळत. दर आठवड्याला दोन्ही काठांचा मिळून बाजार भरे. तो कोणत्या काठी भरावा यावरून एकदा तोंडातोंडी झाली. शेवटी मामाने जाहीर केलं, "आजपासून त्या काठाशी बोलणं बंद, घेणं बंद, देणं बंद." त्या काठच्या अध्यक्ष होत्या घाण्याच्या मालकीण, घाणेवाल्या काकू. त्यांनीही तेच शब्द जाहीर केले, फक्त जास्त मोठ्या आवाजात.

मग काय व्हायचं ते झालं. त्या काठी साबण मिळेना. लोकांचे हात असे ओशट झाले की दाराच्या कड्या धरवेनात, आणि मास्तरांनी धरलेले कान आपोआप सुटू लागले. या काठी तेल मिळेना. संध्याकाळी दिवे लागेनात आणि माणसं कोंबड्यांबरोबर झोपू लागली. मामाच्या चुलीवरची कढई तेवढी रोज रटरटत होती.

"मामा, तेल कुठलं रे?" वकिलीने जेवताना विचारलं होतं.

"जुना साठा," मामा ताटात बघत म्हणाला होता.

"आणि सकाळी सकाळी कुठे जातोस?"

"टेकडीवर. प्रकृतीसाठी फिरायला."

"टेकडीवरून येताना विजार गुडघ्यापर्यंत भिजते होय?"

"दव फार पडतं हल्ली," मामा म्हणाला आणि त्याने मुकाट्याने नावडती भाजी दुसऱ्यांदा वाढून घेतली. तेवढ्यावरूनच वकिलीला खात्री पटली होती.

आज ती वडी दुसऱ्यांदा हुंगत होती, तोच दारातून वल्ही आत आली. वल्ही म्हणजे नावाडी आबांची नात. ही मुलगी बोलायची कमी आणि होडी अशी चालवायची की पाण्याला पत्ता लागत नसे. आज मात्र ती धापा टाकत होती.

"आबांच्या नावेला साखळी घातली. परवा सभा आहे. नाव फोडणार म्हणतात."

"का पण?" भोपळ्याने विचारलं.

"घाटाच्या पायऱ्यांवर तेल सांडलेलं सापडलं. समितीचे खजिनदार त्यावरून घसरले ते थेट नदीत. आता म्हणतात, त्या काठचं तेल चोरून आणायला मोठी नाव कोणाकडे आहे? आबांकडेच."

"आणि मामा काय म्हणाला?"

"तुझा मामा आकाशाकडे बघत होता."

आबा घाटावर साखळीशेजारी बसले होते. नाव त्यांच्या आजोबांनी बांधली होती, आबांनी तिच्यात तीन लग्नांची वऱ्हाडं पलीकडे नेली होती, त्यातलं एक स्वतःचंच. आजी त्या काठची.

"आबा, तुम्ही नाही, तर तेल आणतंय कोण?" वकिलीने विचारलं.

"मला ठाऊक असतं तर मी इथे डास मारत बसलो असतो का?" आबा म्हणाले. "आणि पोरी, पलीकडे गेल्याशिवायही तेल येतं बरं का. तो खडक दिसतो, लव्हाळ्यामागे? नदीच्या मधोमध? तो मुका कट्टा."

"मुका का?"

"फार पूर्वी या दोन काठांना एकमेकांची भाषाच येत नव्हती. आपले लोक साबण त्या खडकावर ठेवायचे आणि निघून यायचे. मग ते यायचे, शेजारी तेल ठेवायचे आणि निघून जायचे. खडकाला भोक आहे, त्यात काठी. काठी उभी असली की समजायचं, पटलं नाही, अजून घाला. काठी आडवी केली की सौदा झाला. आडवी होईपर्यंत मालाला कोणी हात लावायचा नाही."

"आणि कोणी चोरलं तर?" भोपळ्याने विचारलं.

"कधीच नाही चोरलं. तोंडओळख नसताना. आता ओळख आहे तर बघ काय चाललंय." आबांनी एक डास मारला. "साबण तिकडे गेला, त्याच्यामागून पाहुण्याला हात धुवायला पाणी देण्याची रीत गेली. तेल इकडे आलं, त्याच्यामागून दिवे आले. दिवे आले म्हणून माणसं रात्री जागू लागली, आणि जागून करायचं काय, म्हणून गोष्टी सांगू लागली. माझी म्हातारी आली तीही तेलाच्याच बुधल्यांमागून. मालाबरोबर काय काय येतं ते कोणी मोजतं का?"

"आणि कोणी मालाला आपलं म्हणालंच नाही तर?" वकिलीने विचारलं.

"दोन्ही समित्यांसमोर तीनदा विचारायचं, माल कोणाचा. तिन्ही वेळा कोणी बोललं नाही, तर तो नावाड्याचा. जुना कायदा आहे, आजवर कधी वापरायची वेळ आली नाही."

वकिलीचे डोळे असे चमकले की भोपळा दोन पावलं मागे सरला.

पहाटे तिघंही लव्हाळ्यात दबा धरून बसली. वल्हीची छोटी होडी समितीने सोडून दिली होती, कारण खजिनदारांना ती गुरांना पाणी पाजायची डोण वाटली. धुक्यातून काहीतरी गोल गोल फिरत आलं. ती मामाची कढई होती. कढईत मामा, हातात ते उंच उलथणं, आणि तो त्याने वल्हवत होता. दर चार हातांवर कढई गिरकी घेई आणि मामा पुटपुटे, "अगं, सरळ चाल ना."

भोपळ्याने हसू दाबायला तोंडात लव्हाळं कोंबलं.

मामाने कट्ट्यावर साबणाच्या वड्या रचल्या, काठी उभी केली आणि गिरक्या घेत परत गेला. थोड्या वेळाने त्या काठाकडून तेलाचं पिंप पोहत आलं. पिंपावर घाणेवाल्या काकू मांडी ठोकून बसल्या होत्या. त्यांनी वड्या हुंगल्या, तेलाचे दोन डबे ठेवले, काठी आडवी केली आणि साबण उचलायला वाकल्या. इतक्यात त्यांच्या काठावर कुत्रं भुंकलं. कोणी पाहील या भीतीने साबण तिथेच टाकून त्या पिंपावर बसल्या आणि पसार झाल्या.

"सांगू या समितीला," भोपळा कुजबुजला.

"अध्यक्ष कोण? मामा. तो म्हणेल, पोरांना स्वप्न पडलं. त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल करायला हवं." वकील खडकाकडे बघत राहिली. "वल्ही, धरणाचं पाणी कधी सोडतात?"

"उद्या सकाळी. सभेच्या वेळेला कट्टा घोट्याएवढा भिजेल."

"आणि साबण पाण्यात भिजला की?"

वल्ही आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने हसली. मग होडी खडकाला लागली आणि वकिलीने आडवी काठी पुन्हा उभी केली.

"हे चालतं का?" भोपळ्याने विचारलं.

"काठी कोणी उभी करायची हे नियमात कुठे सांगितलंय?"

त्या दिवशी मामाची झोप उडाली. तेल घ्यायला तो परत गेला तर काठी उभी. "अजून हवाय होय?" असं पुटपुटत तो आणखी साबण ठेवून आला. काकू आल्या, काठी उभी. "हावरट मेला," म्हणत त्यांनी आणखी डबे ठेवले, काठी आडवी केली आणि आधी त्याने तेल उचलावं म्हणून साबणाला हात न लावता परतल्या. त्यांची पाठ वळली की वल्हीची होडी लव्हाळ्यातून सुळकन बाहेर येई आणि काठी उभी होई. दिवसभर कढई आणि पिंप आळीपाळीने फेऱ्या मारत राहिली. सूर्य मावळताना कट्ट्यावर असा ढीग झाला की लव्हाळ्यावरून त्याचं टोक दिसू लागलं. कढईत आता त्याचा दहावा हिस्साही मावला नसता. तो ढीग न्यायला एकच नाव पुरी पडली असती, आणि ती साखळीत होती.

दुसऱ्या दिवशी घाटावर सभा भरली. नाव फोडतात हे ऐकून समोरच्या घाटावरही सगळा काठ जमला होता, पुढे घाणेवाल्या काकू. सुतार कुऱ्हाड घेऊन उभा होता. मामाने घसा साफ केला.

"अध्यक्षमहाराज," वकील पुढे झाली, "कुऱ्हाड चालवण्याआधी एक प्रश्न. त्या कट्ट्यावरचा साबण कोणाचा?"

सगळ्या माना वळल्या. मामाचा चेहरा खारासारखा पांढरा पडला.

"मला काय ठाऊक?"

"वड्यांवर तुझा माशाचा शिक्का आहे."

"मासा कोणीही काढतो."

वल्हीने हातांचा कर्णा करून पलीकडे हाक दिली, "काकू, तेल कोणाचं?"

"आमचं नाही," काकू गरजल्या, पण आज त्यांचा आवाज जरा बसला होता.

"एकदा विचारलं," वकील म्हणाली. "आबा, जुना कायदा सांगा."

आबांनी सांगितला, पलीकडे ऐकू जाईल असा. तेवढ्यात वरून धरणाचं पाणी आलं. आधी कट्ट्याचा कडा भिजला, मग ढिगाचा तळ, आणि खळाळत्या पाण्यात पहिला फेस उठला. तो नारळाएवढा झाला, रांजणाएवढा झाला, गाडीभर झाला. फेसाचा एक डोंगर सभेसमोरून डुलत गेला आणि त्यात सापडलेला बगळा दुप्पट पांढरा होऊन बाहेर आला.

"दुसऱ्यांदा विचारते. साबण कोणाचा?"

नदीतून मामाची महिन्याची मेहनत बुडबुडे होऊन चालली होती. त्याने फेसाकडे पाहिलं, मग नावेकडे, मग आबांकडे. आबा त्याच्याकडे बघत नव्हते. ते नावेच्या फळीवरून हात फिरवत होते, आजारी माणसाच्या पाठीवरून फिरवावा तसा.

"तिसऱ्यांदा..."

"माझा," मामा म्हणाला. मग पुन्हा, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "माझाच आहे. पायऱ्यांवरचं तेलही मीच सांडलं. आबांचा काही संबंध नाही. ती साखळी काढा आधी."

"आणि तेल माझं," पलीकडून आवाज आला. "नाव पाठवा लवकर, डबे वाहून चाललेत."

कुऱ्हाड खाली पडली. आबा, मामा, तिन्ही पोरं आणि साखळी काढणारा सुतारसुद्धा नावेत चढले. पलीकडून पिंपं, टोपल्या, दरवाजे, जे तरंगेल ते घेऊन लोक निघाले. निम्म्याहून जास्त साबण वाचला, डबे सगळे वाचले. कट्ट्यावर घोटाभर फेसात मामा आणि काकू समोरासमोर उभे राहिले.

"सारखी काठी उभी करत होतात," मामा म्हणाला. "जरा तरी लाज?"

"मी? मी दर वेळी आडवी केली. तुम्हीच हावरट."

मग दोघांनी एकदमच मान वळवून वकिलीकडे पाहिलं.

"सौदा पटला होता ना?" वकील म्हणाली. "मग हा कट्टाच बरा. ना या काठचा, ना त्या काठचा. बाजार इथेच भरवा की."

काकूंनी तिचा कान धरला. पण हात ओशट, कान सुटला. तेव्हा त्यांनी वाहत्या फेसात हात बुडवून स्वच्छ धुतले आणि या वेळी तिच्या डोक्यावर ठेवले.

"कोणाची गं तू?"

"माझी भाची," मामा म्हणाला. त्याची छाती अशी फुगली की विजार भिजल्याचंही तो विसरला.

पुढच्या आठवड्यात बाजार भरला तो नदीच्या मधोमध, होड्यांना होड्या बांधून. आबांच्या नावेला दिवसभर टेकायला सवड मिळाली नाही. संध्याकाळी दोन्ही काठी दिवे लागले, आणि नावेच्या टोकाशी बसलेल्या आबांना पोरांनी गराडा घातला.

"आबा, गोष्ट सांगा ना."

"अहो सरकार, तेल तुम्ही आणलंत," आबा वकिलीला म्हणाले. "गोष्टही आता तुम्हीच सांगा."

वकिलीने दिवा जवळ ओढला. "मामा खोटं बोलत होता," तिने सुरुवात केली, आणि मागच्या होडीतून मामा म्हणाला, "जरा हळू सांग की."