जल्लादाची न्याहारी

सकाळी फौजदारांचा फोन आला. "इंजेक्शन घेऊन या. मोठं आणा." जनावरांच्या डॉक्टरीणबाई चहा अर्धा टाकून निघाल्या.

बैठ्या घराच्या मागच्या अंगणात कवायतीचे निवृत्त मास्तर उताणे पडले होते. गळ्याची चाळण झालेली. शेजारी त्यांचा रॉटवायलर बसला होता, ताठ, नाकाच्या शेंड्याला रक्त. गल्लीनं त्याचं नाव 'जल्लाद' ठेवलं होतं. तेही गुन्ह्याच्या चार वर्षं आधीच. गल्ली दूरदृष्टीची होती.

"बाराच्या आत उरका," फौजदार म्हणाले. कुंपणापलीकडे लोक काठ्या घेऊन उभे होते. "जातच खुनशी."

"पाहिलं कुणी?"

"पुतण्यानं."

पुतण्या पायरीवर डोकं धरून बसला होता. "भुंकणं ऐकून धावलो, तर हा काकांच्या गळ्याला लटकलेला. काठीनं हाकलला."

"आणि हा परत येऊन शेजारी बसला?"

"निर्लज्ज जात हो, बाई."

"मास्तर याला खायला काय घालायचे?"

"कच्चं मांस. रोज. तिथूनच रक्ताची चटक लागली."

बाई गुडघ्यांवर बसल्या. जल्लाद गुरगुरला नाही. जबड्यातून लाळेच्या तारा लोंबत होत्या. मास्तरांच्या गळ्यावर, जखमेला चिकटून, तळहाताएवढा मांसाचा तुकडा होता. अख्खा. त्यावर माशा बसल्या होत्या. बाईंनी तो चिमट्यानं बाजूला केला. खाली तीन भोकं एका रांगेत. शेजारी पुन्हा तीन. अंतर तेवढंच.

त्यांनी कुत्र्याचा ओठ वर उचलला. दात स्वच्छ.

मग त्यांनी भिंतीकडे पाहिलं. मास्तरांनी प्रत्येक अवजाराची आकृती भिंतीवर रंगवली होती, ज्याची जागा त्याला. खुरपं, फावडं, कात्री, सगळी मातीनं माखलेली. माती उकरायचा तीन दातांचा पंजा तेवढा लख्ख, आणि उलटा टांगलेला.

स्वयंपाकाच्या मावशी दारात पदर तोंडाला लावून उभ्या होत्या.

"मावशी, कुत्रा काय खातो?"

"दूध-पाव, दुसरं काय! मांस या घरात कधी आलंच नाही. आणि मास्तर 'विश्राम' म्हणाल्याशिवाय तोंड लावत नाही मेला. मागे ते तापानं पडले, तर दुपारपर्यंत वाडग्यासमोर बसून होता."

"हे पुतण्याला ठाऊक नाही?"

"दहाच्या आत उठतंय कोण! म्हणून तर मास्तरांनी रविवारपर्यंत घर सोड म्हणून सांगितलं होतं."

बाई उठल्या. पिशवीचं तोंड बंद केलं.

"फौजदारसाहेब, कुत्रा चावतो तेव्हा वरचे नि खालचे दोन्ही दात उमटतात, आणि तो झटके देऊन मांस फाडतो. इथे सरळ रांगेत भोकं आहेत. तो पंजा मोजून बघा, बसेल. मारणाऱ्यानं पंजा धुतला, घाईत उलटा टांगला, आणि उरलेलं काम कुत्र्यावर सोपवलं. जखमेवर मांस ठेवलं. कुत्रा तुटून पडेल, खुणा जातील, आळ आपोआप जातीवर."

"मग?"

"कुत्रा शिवला नाही. धन्याला नाकानं ढोसून पाहिलं, तेवढंच रक्त लागलं. मग लाळ गाळत बसला. हुकूम देणारा मेला होता ना."

"खोटं!" पुतण्या ताडकन उठला. "न्याहारीही झाली नव्हती, उपाशी होता तो! असली जात, समोर मांस, आणि शिवला नाही?"

दोन हवालदार पुतण्याच्या मागे सरकले.

"न्याहारी झाली नव्हती, हे तुम्हाला कसं ठाऊक?" फौजदारांनी अगदी मऊ आवाजात विचारलं.

पुतण्याची नजर भिंतीवरच्या पंजाकडे गेली. कुंपणापलीकडच्या काठ्या हळूच पाठीमागे गेल्या. काही जण तर त्या टेकत, सहज फिरायला आल्यासारखे चालू लागले.

पुतण्याला घेऊन गेले. मास्तरांवर चादर घातली. मावशींनी वाडगा आणून ठेवला.

"खा," बाई म्हणाल्या. जल्लाद हलला नाही. फौजदारांनी हुकूम सोडला, हवालदारांचे पाय जुळले, पण जल्लादाचा कानही हलला नाही.

मावशींनी डोळे पुसले, पाठ ताठ केली आणि मास्तरांसारखा आवाज काढला.

"विश्राम!"

जल्लादानं आधी चादरीकडे पाहिलं. बराच वेळ. मग मान खाली घातली.