बटणची वंशावळ

सांगलीला डॉ. झाकीर मुजावरांच्या दवाखान्यात हल्ली कुत्र्याला तपासण्याआधी त्याच्या गालात कापसाचा बोळा फिरवत. वंशवाचक नावाचं डब्याएवढं यंत्र त्यावरून दहा मिनिटांत चार पिढ्या सांगे, आणि किती आयुष्य आहे तेही. ते कमी निघालं तर दीर्घायू सुई होतीच. तिच्यामुळे लहान जातीची कुत्री वीस-वीस वर्षं जगू लागली होती.

बटण या पॉमेरेनियनचं आयुष्य आठ वर्षं निघालं. त्याला सातवं सरत आलं होतं. डॉक्टरांनी त्याच्या मालकीणबाई रोहिणी अवटी यांना बाहेर थांबायला सांगितलं आणि मंदाकिनी सबनीसांना बोलावून घेतलं. बटण त्यांच्याच घरी जन्मलेला. तीस वर्षं त्या पॉमेरेनियनची पैदास करत होत्या. त्यांनी लिहून दिलेल्या वंशावळीवर कुणी कधी शंका घेतली नव्हती.

कागदावर बटणचा बाप मोती होता. यंत्र म्हणत होतं, बाप राजा. आणि आईचा बापही राजाच.

"नमुन्यांची अदलाबदल होते कधीकधी," डॉक्टर हळूच म्हणाले. "पुन्हा घेऊ या का?"

ते आपल्याला वाट काढून देताहेत, हे मंदाकिनीबाईंना कळलं. राजा ओंजळीत मावेल एवढा होता, मानेभोवती आयाळ असलेला. ज्याला त्याला तस्संच पिल्लू हवं असायचं. म्हणून त्यांनी राजाची जोडी त्याच्याच लेकीशी लावली. एकदा नव्हे, तीनदा, आणि कागदावर दरवेळी बाप दुसराच लिहिला.

"नको," त्या म्हणाल्या. "यंत्र बरोबर आहे. सुई देता येईल ना?"

डॉक्टरांनी नकारार्थी मान हलवली. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडची, एक बापाकडची. बिघडलेली प्रत सुई दुरुस्त करते ती दुसऱ्या, चांगल्या प्रतीवरून गिरवून. बटणच्या हृदयाच्या झडपेच्या जनुकाच्या दोन्ही प्रती राजाच्याच होत्या. कित्ताच चुकीचा होता.

बाहेर जाऊन सांगण्याचं काम मंदाकिनीबाईंनी स्वतःकडे घेतलं. बटण रोहिणीताईंच्या मांडीवर होता. मंदाकिनीबाईंना पाहून त्याने शेपूट हलवली. त्यांनी काही न वगळता सगळं सांगितलं.

रोहिणीताई त्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या हातात दिलात, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं?"

"बाप कोण ते ठाऊक होतं. पुढे काय होईल ते ठाऊक नव्हतं. खरं म्हणजे, मी ते कुणाला विचारलंच नाही."

रोहिणीताई रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, असं मंदाकिनीबाईंना वाटलं. उठता उठता रोहिणीताईंनी एवढंच विचारलं, की याची बहीण मिरजेला पाटणकरांकडे आहे ना, त्यांना कोण सांगणार.

मंदाकिनीबाईंनी तिथेच पायरीवर बसून फोन लावला. पाटणकरांच्या सूनबाईंनी तो उचलला आणि यांना बोलूच दिलं नाही.

"मावशी, मी आत्ता तुम्हालाच लावणार होते. काल चार पिल्लं झाली, अगदी मुठीएवढी. तुमचे कागद बघूनच जोडी जमवली होती, नर तुमच्याच घरचा, पण नात्याबाहेरचा. कधी येताय बघायला?"