कणसरी पॉवरचा चढता नफा

"माझ्या वडिलांची बुद्धी शाबूत आहे की नाही, तेवढं शोधून द्या," निशिगंधा म्हणाली.

जयवंताबाई कळमकरांनी चहाचा कप तिच्यापुढे सरकवला. "हे काम डॉक्टरांचं."

"डॉक्टरांकडे न्यायचंच चाललंय. म्हणून आधी तुमच्याकडे आले."

जयवंताबाईंनी बरीच वर्षं कंपन्यांचे हिशेब तपासले होते. आता हैदराबादेत नल्लकुंट्यातल्या घराच्या पुढच्या खोलीत त्या खासगी तपासाची कामं घेत. शेजारचे नामदेवराव बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांची गाडी चालवत. प्रत्येक प्रकरणात नामदेवराव पहिल्याच दिवशी गुन्हेगार ओळखत, आणि तो कधीच बरोबर नसे.

निशिगंधाची हकिकत थोडक्यात अशी होती. तिचे वडील एकनाथराव वीज खात्यातले निवृत्त इंजिनियर. त्यांचे जुने मित्र प्रतापराव यांची 'कणसरी पॉवर' ही कंपनी भाताचं तूस जाळून वीज तयार करी. प्रतापरावांनी मित्राला कंपनीत हिस्सा देऊ केला होता. एकनाथरावांनी वर्षभर आकडे अभ्यासले आणि आयुष्याची पुंजी घालायला तयार झाले. सह्या व्हायच्या आदल्या दिवशी ते प्रकल्प बघून आले, आणि सही करायला साफ नाही म्हणाले.

"कारण?"

"सांगतच नाहीत. उलट मला म्हणाले, तुम्ही राहता तो दिलसुखनगरचा फ्लॅट आधी तुझ्या नावावर करून घे. त्याचा इथे काय संबंध? गौतम म्हणतो, डोकं जायला लागलं की असंच सुरू होतं."

"गौतम कोण?"

"माझा नवरा. कणसरीचे हिशेब तोच बघतो."

नामदेवरावांनी खुर्ची पुढे ओढली.

एकनाथराव चार गल्ल्या पलीकडेच राहत. ते दारात उभे राहूनच बोलले. डोळे स्वच्छ होते आणि आवाजही खणखणीत.

"मला बघायचं ते मी बघितलं, बाई. तुम्ही यात पडू नका."

"तुमच्या मुलीनं पाठवलंय मला."

त्यांचा चेहरा एकदम उतरला. "म्हणूनच सांगतो, नका पडू." त्यांनी दार लावून घेतलं.

"घाबरलेत," नामदेवराव गाडीत म्हणाले. "त्या प्रतापरावानं धमकावलं असणार."

बरकतपुऱ्यात प्रतापराव वॉकर धरूनच सामोरे आले. तीन वर्षांपूर्वीच्या खुब्याच्या ऑपरेशननंतर त्यांचं घराबाहेर पडणं बंद झालं होतं.

"एकनाथानं माझा अपमान केला," ते म्हणाले. "तीन वर्षं ऑपरेटिंग प्रॉफिट चढता आहे. अजून काय पाहिजे त्याला?"

"तूस तर महाग झालंय म्हणतात."

"हौ, झालंय ना. पण गौतमनं जुना बॉयलर असा सुधारून घेतला की तूस कमी लागतं. पोरगं हुशार आहे. माझी मुलं काय, परदेशातून यायची नाहीत. तीन वर्षं ओळीनं नफा वाढवलास तर दहावा हिस्सा तुझा, असं मीच कबूल केलंय त्याला. या मार्चला मुदत भरते."

"जुना म्हणता, म्हणजे नवाही बॉयलर आहे?"

"त्याची चाचणी चालू आहे. परवाना अडकलाय म्हणून लांबली. बाई, तुम्ही जाच तिकडे! आणि तो चालू असतानाचा फोटो मला पाठवा. मी अजून पेटलेला बघितलाच नाही हो."

गौतम ऑफिसात भेटला. इस्त्रीचा शर्ट, नम्र बोलणं. त्याने स्क्रीनवर तीन वर्षांचा आलेख काढला. रेघ पायऱ्या चढावी तशी वर जात होती.

"वीज विकून आलेल्या पैशातून तूस, पगार, दुरुस्ती असा रोजचा खर्च वजा केला की उरतो तो ऑपरेटिंग प्रॉफिट," तो म्हणाला. "गुंतवणूकदारानं हाच बघायचा असतो. सासऱ्यांना हे मीच शिकवलं. आता त्यांना काही आठवत नाही."

"विजेची विक्री वाढली?"

"विक्री तेवढीच, दरही करारानं बांधलेला. आम्ही खर्च कमी केला."

"नव्या बॉयलरच्या चाचणीला तूस लागत असेल."

"लागतं ना, भरपूर. पण ते उभारणीच्या खर्चात धरतात, रोजच्या नाही. नियमच तसा आहे, मॅडम." तो हसला. "प्रकल्पावर जाणार असाल तर जुना बॉयलर बघा. नव्याजवळ मात्र जाऊ नका. धग फार असते, उगाच चटका बसायचा."

मिर्यालगुड्याच्या रस्त्याला भातगिरण्यांच्या पट्ट्यात प्रकल्प होता. मॅनेजर यादगिरी फाटकापर्यंत घ्यायला आला.

"तूस कमी लागतं म्हणे हल्ली?" जयवंताबाईंनी विचारलं.

"कौन बोले मॅडम? ट्रका पहिले जितक्या यायच्या, तितक्याच येतात. हम वजन की चिठ्ठी हैदराबाद भेजते. किधर का खर्चा, वो हेड ऑफिसवाले लिखते." त्याचा फोन वाजला. "आप आरामसे देख लो. सब खुला है."

जुन्या बॉयलरपाशी उभं राहवत नव्हतं. कानठळ्या बसत होत्या आणि अंगावर राखेचा थर साचत होता. दोघं पलीकडच्या नव्या शेडमध्ये गेले. तिथे सावली होती.

"अरे वा!" नामदेवराव वर बघत म्हणाले. तूस आत सोडायच्या तोंडातून एक साळुंकी बाहेर आली. तिच्यामागून पिल्लांचा कलकलाट ऐकू आला. "बघा, संसार थाटलाय! मुक्या जिवालाही निवारा बरोबर कळतो."

जयवंताबाईंनी फोटो काढला.

परतताना नामदेवराव ठासून म्हणाले, "यादगिरीच. ट्रका तितक्याच येतात आणि जळतं कमी, म्हणजे उरलेलं तूस तो चोरून विकतो."

"मग त्यानं ट्रका कमी झाल्या असं सांगितलं असतं," जयवंताबाई म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. "नामदेवराव, या वेळी गुन्हेगार न सापडला तर मला बरं वाटेल."

रविवारी सकाळी एकनाथरावांच्या बैठकीत सगळे जमले. प्रतापरावांना दोघांनी धरून आणलं. गौतम निशिगंधाशेजारी बसला होता.

"एकनाथरावांची बुद्धी उत्तम आहे," जयवंताबाईंनी सुरुवात केली. "विक्री तेवढीच, दर तोच, तूस महाग, तरी नफा चढता. असं दोनच प्रकारे होईल. एक तर तूस कमी जळलं, नाहीतर त्याचा खर्च दुसरीकडे लिहिला गेला."

"कमीच जळतं," गौतम म्हणाला.

"ट्रका तितक्याच येतात. मग उरलेलं तूस कुठे जातं?"

"नव्या बॉयलरच्या चाचणीला! सांगितलं होतं तुम्हाला."

जयवंताबाईंनी फोन प्रतापरावांच्या हातात दिला. "हा तुमचा फोटो."

प्रतापरावांनी चष्मा सारखा केला. "ही तर साळुंकी."

"तूस टाकायच्या तोंडात पिल्लं आहेत तिची. जिथे चटका बसेल इतकी धग, तिथे पक्षी घरटं बांधत नाही. नवा बॉयलर थंड आहे. सगळं तूस जुन्यातच जळतं, पण दरवर्षी त्यातला वाढता वाटा चाचणीच्या नावावर टाकला जातो. रोजचा खर्च घटतो, नफा फुगतो."

"मग मॅनेजर…" नामदेवराव पुटपुटले.

"तो फक्त वजन कळवतो. वाटणी हैदराबादेत होते. शिवाय त्यानं आम्हाला मोकळं सोडलं. प्रतापरावांना ठाऊक असतं, तर फोटो काढून पाठवा असं ते म्हणाले नसते. नव्या बॉयलरपाशी जाऊ नका, असं एकच माणूस म्हणाला. आणि तीन वर्षं नफा वाढला तर दहावा हिस्सा त्यालाच मिळणार होता."

प्रतापरावांनी फोन हळूच टेबलावर उलटा ठेवला.

"एकनाथ, तुला कळलं होतं?"

"हात लावला मी त्या बॉयलरला," एकनाथराव म्हणाले. "त्या गारव्यानंच सांगितलं. मग वाटलं, बोललो तर पोरीचं घर मोडेल. न बोलता निदान तिचं छप्पर तरी वाचवावं. म्हणून गौतमच्या नावावरचा फ्लॅट तिच्या नावावर करून घ्यायला सांगितला."

गौतम निशिगंधाकडे वळला. "एकदाच करणार होतो, खरंच. पहिल्या वर्षी आकडा जरासा कमी पडत होता. मग दुसऱ्या वर्षी त्याहून वर दाखवणं आलं… हे सगळं आपल्यासाठीच ना?"

"बाबा प्रकल्पावरून आले, तेव्हा त्यांनी काय बघितलं असेल हे तुला कळलं होतं?"

तो शर्टाची बाही सारखी करू लागला.

"गौतम, कळलं होतं?"

"हो."

"तरी तू त्यांच्यासाठी डॉक्टरांची वेळ घेतलीस. मला रोज सांगत राहिलास. मी त्यांच्या हातातून औषधाच्या गोळ्या काढून घेऊन मोजायला लागले होते रे. ते बघत राहायचे माझ्याकडे, एक शब्द न बोलता."

तिचा आवाज चढला नाही. नामदेवरावांना खोलीत बसवेना, ते उठून व्हरांड्यात गेले.

प्रतापराव वॉकरवर जोर देऊन उभे राहिले. "उद्या भागीदारांना बोलावतो. खरे आकडे मीच वाचून दाखवीन. गौतम, तूही तिथे असशील."

गौतमने होकार दिला आणि दाराशी जाऊन थांबला. "निशी, चल."

निशिगंधा उठली नाही. तिने वडिलांचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि दोन्ही हातांनी धरून ठेवला.

"तू जा," ती म्हणाली. "मला बाबांची माफी मागायची आहे. त्याला वेळ लागेल."