मावशीच्या मनगटावरचा पंख

दुपारी मावशीच्या इस्त्रीच्या दुकानात ताई, चष्मिस आणि छोटी ही तिघं भावंडं चादरींच्या गठ्ठ्यांवर लोळत पडली होती. सुट्टीत काहीतरी साहस करायचं ठरलं होतं, पण या उकाड्यात उठवतंय कुणाला! तेवढ्यात करपल्याचा वास आला.

"मावशी, काहीतरी जळतंय," ताई म्हणाली.

मावशीचं मनगट तापलेल्या इस्त्रीला टेकलं होतं. बाही करपली, कातडी लाल झाली, तरी तिला पत्ताच नव्हता. ताईने तिचा हात खेचून नळाखाली धरला. मावशी मात्र खुशीत होती. कोपऱ्यावरच्या टॅटूवाल्याकडून मनगटावर पंख गोंदवून घेतल्यापासून हात दुखतच नव्हता. पंखाने हात हलका होतो, फक्त रोज सकाळी माझं मलम चोळायचं, असं त्याने बजावलं होतं. आज संध्याकाळी ती दुसऱ्या हातावरही पंख काढून घेणार होती. इस्त्री ओढून ओढून बिचारी पार पिचली होती.

चष्मिसने मलमाची डबी उघडली, बोट बुडवून हुंगलं आणि सवयीप्रमाणे नखं खात बसला. थोड्या वेळाने त्याला धड बोलताच येईना. जीभ लाकडासारखी झाली होती! छोटी हसून हसून दमली. ताईला मात्र आपला दात काढतानाची बधिर हिरडी आठवली.

तिने मावशीच्या दुसऱ्या, कोऱ्या मनगटावर मलम चोळलं. जरा वेळाने छोटीने तिथे चांगला चिमटा काढला. मावशीला तो लागलाच नाही. ती मनगटाकडे बघत राहिली.

"म्हणजे मी दमलेलीच आहे तर," ती म्हणाली. तिचे डोळे भरून आले.

मुलांनी लगेच टॅटूवाल्याला गाठलं. मलमात नुसता झाडपाला आहे, असं तो छातीठोकपणे सांगू लागला. मग चाखून दाखवा, असं ताईने सुचवलं. बाकावर गिऱ्हाईकं बसलेली, नाही कसं म्हणणार? त्याने बोट चाटलं आणि थोड्याच वेळात पुढची थाप त्याच्या तोंडातच अडखळली. गिऱ्हाईकं उठून चालती झाली.

मुलं परतली तेव्हा मावशी पुन्हा इस्त्रीशी उभी होती. छोटीने तिला खाली बसवलं, रंगपेटी काढली आणि तिच्या कोऱ्या हातावर दाट रंगाचा मोठा पंख काढला.

"वाळेपर्यंत हात हलवायचा नाही. हलवलास तर जादू जाते."

ताई आणि चष्मिस चादरींच्या घड्या घालायला लागले. मावशी भिंतीला टेकली. "तुमचाच पंख खरा रे पोरांनो," एवढं म्हणेपर्यंत तिचा डोळा लागला.

रंग वाळत आला की छोटी हळूच आणखी एक थर देत होती.