हेडफोनमधला एदिवान

दोना इदालिनाला यंदा कुणाच्या हातानं मत द्यायचं नव्हतं. डोळे गेल्यापासून दरवेळी भाचीचा नवरा सोबत आत यायचा, बटण दाबून मोकळा व्हायचा. या वेळी तिनं भाचीला, सुएलीला, बजावलं होतं, "दारापर्यंत सोड. पुढचं माझं मी बघते."

तापाजोस नदीकाठच्या त्या गावात महापौरपदाला आरागिरणीचा मालक उभा होता. त्याच्याच करवतीवर तिचा मुलगा एदिवान गेला. पोरगा पिऊन आला होता, असं मालकानं गावभर केलं. पात्यावरची जाळी त्यानंच काढायला लावली होती, हे कुणी बोललं नाही. म्हणून त्याच्याविरुद्ध उभ्या असलेल्या मास्तरीणबाईंचा आकडा म्हातारीनं सुएलीकडून घोकून घेतला होता. चार, सात.

शाळेच्या वर्गात मतदान होतं. तिथल्या मुलीनं तिच्या कानांवर हेडफोन चढवला. "पाचावर टिंब आहे, दोना इदालिना, तिथून चाचपत जा. दाबाल तो आकडा कानात ऐकू येईल. खाली उजवीकडचं मोठं बटण मत पक्कं करतं, मधलं पुसतं."

नगरसेवकाचं मत सुरळीत पडलं. एका बाईचा कोरडा, सपाट आवाज आकडे म्हणत होता. मग महापौराची पाळी आली. चार... सात...

आवाज थांबला. ओल्या भुशाचा वास आला. कानात कुणीतरी खोकलं... घशात भुसा अडकल्यासारखं.

"आई... चुकलीस गं."

म्हातारीनं हेडफोन कानावर दाबला. "एदिवान?"

"आधी सात... मग चार. पूस ते."

"अरे, पण सुएलीनं तर..."

"माझ्यावर विश्वास नाही तुझा?"

तिनं मधलं बटण दाबलं. सात. चार. मग उजवीकडचं. यंत्र लांबलचक किणकिणलं.

"बाळा... बोल ना रे."

शेवटी त्या मुलीनंच हेडफोन उतरवून घेतला.

बाहेर येताच तिनं विचारलं, "सुएली, सात-चार म्हणजे मास्तरीणबाईच ना?"

कोपराला धरलेला सुएलीचा हात सैल पडला. "मावशी... तो गिरणीवाल्याचा आकडा. कुणी सांगितलं तुला?"

म्हातारी भिंतीला टेकली. पोटच्या पोराचा आवाज ओळखायला आई चुकत नाही. मग त्यानंच का दगा द्यावा? आणि तो नव्हताच, तर त्याचा खोकला कुणी उचलला?

तेवढ्यात वर्गातून काठीची टकटक आली. आंधळा कोळी बेनेदितो मत देऊन बाहेर पडत होता. हसतोय की रडतोय, कळेना.

"इदालिना," तो कुजबुजला, "आत माझी गेलेली बायको बोलली गं... लग्नात होता तसाच कोवळा आवाज. म्हणाली... तुम्ही चुकलात हो."