एकदाही नाही म्हटलं नाही

चंदना दारात उभी राहिली तेव्हा उत्तम गुरुजींना वाटलं, पोरगी पेढे घेऊन आली. पोशेऱ्याच्या शाळेतली त्यांची सगळ्यात हुशार विद्यार्थिनी, आता जव्हारमधल्या एका आरोग्य संस्थेत सॉफ्टवेअर लिहीत होती.

"सर, माझ्यावर आळ आलाय," ती म्हणाली.

गुरुजी तिला घेऊन तडक सुमनताईंकडे गेले. खासगी तपासाची कामं करणाऱ्या सुमनताई मोजकंच बोलत. गुरुजी त्यांच्याबरोबर हिंडत आणि बहुतेक वेळा चुकीच्या माणसावर संशय घेत.

हकीकत अशी. गावोगावच्या आशाताईंनी मोबाइलवर हाक दिली की सॉफ्टवेअर थेट रुग्णवाहिका केंद्राकडून गाडी मागवी. हा बदल चंदनाचा. तो सुरू करण्याआधी तिने आपल्या संगणकावर खऱ्यासारखी उत्तरं देणारं एक नकली केंद्र बनवून तीन आठवडे चाचण्या घेतल्या होत्या. सोमवारी दुपारी जामसरच्या सोनीला कळा सुरू झाल्या. आशाताई फागीने हाक दिली, "गाडी निघाली" असं उत्तर आलं, पण गाडी आलीच नाही. शेवटी गावातल्या तुकाच्या जीपमधून सोनीला न्यावं लागलं. बाळ-बाळंतीण थोडक्यात वाचली.

"माझे वरिष्ठ तन्मय सर म्हणतात, चालू सॉफ्टवेअरला नकली केंद्र मीच जोडून ठेवलं. संध्याकाळपर्यंत राजीनामा मागितलाय."

"तुझं नकली केंद्र काय उत्तर देतं?" सुमनताईंनी विचारलं.

"दर तिसऱ्या हाकेला गाडी नाही म्हणतं. कधी गप्पच बसतं. खऱ्या केंद्रातही तसंच होतं ना! नकार आला तर काय करायचं, तेच तर तपासायचं होतं."

जामसरला फागीने मोबाइल पुढे केला. "चार बारी हाक दिली ताई. चारी बारी 'निघाली'च!"

रुग्णवाहिका केंद्रात तिथल्या मुकेशने नोंदवही उघडली. "सोमवारी दहापर्यंत तुमच्या सॉफ्टवेअरच्या हाका येत होत्या. दहा ते दोन एकही नाही. आणि आमच्याकडे गाड्या दोनच."

"हाच लपवतोय," गुरुजी कुजबुजले. सुमनताईंनी ऐकलं न ऐकलंसं केलं.

संस्थेच्या कचेरीत प्रमुख समृद्धी मॅडम आणि चंदनाचा वरिष्ठ तन्मय बसले होते.

"सोमवारी दहाला मुंबईचे पाहुणे आले होते," तन्मय म्हणाला. "मीच प्रात्यक्षिक दाखवलं. वीस हाका, वीस गाड्या. एकदाही अडखळलं नाही!"

"केंद्राकडे गाड्या दोन. मग वीस कुठून निघाल्या?" सुमनताईंनी विचारलं.

तन्मय समोरचे कागद आवरू लागला.

"तुम्ही पाहुण्यांना नकली केंद्रच दाखवलंत. पण चंदनाचं केंद्र तिसऱ्या हाकेला नकार देतं. इथे वीस वेळा होकार, फागीलाही चार वेळा. म्हणजे कुणीतरी नकार काढून टाकले होते. चंदनाला तर चाचणीसाठी नकारच हवे होते. नकार नको होते ते पाहुण्यांसमोर उभ्या असलेल्या माणसाला. दहाला तुम्ही चालू सॉफ्टवेअर त्या केंद्राला जोडलंत, आणि दोनपर्यंत परत फिरवायला विसरलात."

"पाहुण्यांपुढे फजिती नको म्हणून..." तन्मय खुर्चीतून उठला. "चंदना, चूक माझी. तुझ्यावर ढकलली, ही त्याहून मोठी."

चंदनाचे डोळे भरले, पण आवाज ठाम होता. "सर, आधी सोनीच्या घरी जाऊन हे सांगा."

तन्मय त्याच दिवशी जामसरला गेला. समृद्धी मॅडमनी सॉफ्टवेअरची सगळी जबाबदारी चंदनाकडे सोपवली.

पुढच्या आठवड्यात खोडाळ्याला तीस आशाताई जमल्या. नकली केंद्र आणि खरं केंद्र कसं वेगळं ठेवलंय, ते चंदना त्यांना आपल्या घरच्या बोलीत समजावत होती. मागे उभ्या गुरुजींना सॉफ्टवेअरचं निम्मं कळत नव्हतं. शेजारच्या बाईने विचारलं, "तुमी कोन तिचं?"

"मी?" गुरुजींची छाती फुगली. "बाराखडी मी शिकवली. हे मात्र ती स्वतःच शिकली."