वारेशेजारचं रक्त

ते सत्त्याऐंशी साल. बोईसरच्या एका छोट्या बाळ-दवाखान्यात रक्त तपासणारा दिनानाथ राऊत सगळ्या जगावरच वैतागलेला होता. वीज गेली की फ्रिजला घाम फुटायचा, कारखान्यांच्या उग्र वासाने डोकं उठायचं, आणि डॉक्टर सारखे विचारायचे, झालं का?

त्यात पाम गावच्या जयवंतीचं बाळ आलं. घरीच जन्मलेलं, चारेक दिवसांचं. दूध ओढेना, रडेना. दिनानाथने टाचेतून रक्त काढलं, त्याचं वर सुटलेलं पाणी काळ्या काचेवर घेतलं, तपासणीच्या औषधाचा थेंब मिसळून काच डोलवली. नासक्या दुधासारख्या गुठळ्या धरल्या. म्हणजे रक्तात जंतू भिनलेले. इंजेक्शनं सुरू झाली, तरी रोज गुठळ्या आपल्या जाडच.

आणि वर बाळाची आजी, लाडकी तिचं नाव. जन्मानंतर पडलेली बाळाची वार घरात पुरली होती. त्याच्या अंगातून निघालेलं रक्तही तिथंच गेलं पाहिजे, हा तिचा हट्ट. दिनानाथने समजावलं, झापलं, शेवटी हात जोडले. ती दारातच फतकल मारून बसलेली.

"आमचं रगत आमाला द्या. तुमाला काय करायचाय त्याचं?"

बाळ निळसर पडलं त्या दुपारी ती हटेचना. बाळाच्या रक्ताची नळी तर दिनानाथने केव्हाच ब्लीचिंगच्या पाण्यात टाकली होती. टेबलावर होती ती दिनानाथच्या स्वतःच्या रक्ताची. औषध बरोबर चालतंय ना हे बघायला निरोगी रक्त लागतं, त्यासाठी काढलेली. तीच त्याने तिच्या हातावर टेकवली. ब्याद टळली एकदाची!

लाडकी एस.टी.ने गेली आणि पुरून आली.

सकाळी बाळ चुरूचुरू दूध ओढत होतं. त्याची काच स्वच्छ. डॉक्टर इंजेक्शनांवर खूश, आणि त्यांचं चुकत होतं असं कोण म्हणेल?

गुठळ्या धरल्या त्या दिनानाथच्या सकाळीच काढलेल्या रक्ताने.

नळ्यांची अदलाबदल झाली असणार म्हणून तो स्वतःवरच खेकसला. काच घासली, औषधाची नवी बाटली फोडली. पुन्हा गुठळ्या. अंगात ताप नाही, कणकण नाही.

चरफडत त्याने नव्याने बोटात सुई खुपसली. काहीच जाणवलं नाही.

भिंतीपलीकडे बाळ किंचाळलं.

तो थांबला. रडणं ओसरलं.

दुसऱ्या बोटावर त्याने सुई नुसती टेकवली. मग जराशी दाबली.

बाळ कळवळलं.

लाडकी दारात आली. रागावलेली नव्हती. घरच्या माणसाला सांगावं तसं म्हणाली,

"हळू टोच रं दादा. आताच निजलाय तो."